घडीचा चाकू घेताय? आधी स्वतःचा हात मोजा

आईचा उजवा अंगठा गेली चार-पाच वर्षं दुखतो, सांधे धरलेत, आणि तिला प्रवासात फळ कापून खायची सवय, म्हणजे गाडी ठाण्याच्या पुढे गेली की पिशवीतनं पेरू निघालाच पाहिजे. म्हणून मी तिच्यासाठी एक छान घडीचा चाकू मागवला, फोटो बघून, रिव्ह्यू वाचून, स्टील कुठलं ते तपासून. आला तो, दिसायला सुंदर, पण तिला काही उघडेचना. स्प्रिंग इतकी कडक की पात्यावरच्या खाचेत नख घालून ओढताना नखच मागे दुमडलं, आणि तिने काही न बोलता तो परत माझ्या हातात ठेवला. चाकूत खोट नव्हती, तोच चाकू मी आजही ट्रेकला वापरतो. मी फक्त तिच्या हाताचा विचार केला नव्हता.

त्यानंतर घरातल्या, ऑफिसातल्या, ट्रेकच्या ग्रुपमधल्या बऱ्याच जणांना चाकू निवडून दिले आणि प्रत्येक वेळी सुरुवात हातापासून केली. तेच इथे सविस्तर लिहितोय, पहिल्यांदाच घेणाऱ्यांसाठी.

आधी कशाबद्दल बोलतोय ते. घडीचा चाकू म्हणजे ज्याचं पातं मुठीत दुमडून जातं, दोन हातांनी सावकाश उघडायचं, आणि जो फळं, सुतळी, पार्सल, पेन्सिल अशा कामांसाठी शेकडो वर्षं लोकांच्या खिशात आहे तो. बटण दाबलं की फटकन उघडणारे खटक्याचे चाकू, रामपुरी वगैरे, त्यांचा इथे संबंध नाही आणि ते घेऊही नका.

यात नवीन माणसाला तीन जाती माहीत असल्या की पुरे. पहिली स्प्रिंगची, हिला स्लिपजॉइंट म्हणतात. मुठीच्या पाठीत स्टीलची एक पट्टी असते, ती पात्याच्या बुडाला दाबून धरते, म्हणून पातं उघडं राहतं आणि बंदही राहतं, पण लॉक असं काही नसतं. लाल स्विस चाकू बहुतेक याच जातीचे. कार्ल एल्सनर नावाच्या कारागिराने १८८४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या इबाखला वर्कशॉप टाकलं, १८९१ मध्ये स्विस सैन्याला पहिले चाकू दिले, आजची व्हिक्टोरिनॉक्स ती हीच. दुसरी जात फ्रान्सच्या साव्हॉय भागातल्या ओपिनेलची, जोसेफ ओपिनेलने १८९० मध्ये बनवलेली, गोल लाकडी मूठ, स्प्रिंग नाहीच, पातं लाकडाच्या खाचेत घट्ट बसतं आणि तेवढ्यावरच टिकतं. १९५५ पासून त्याला गळ्याशी एक फिरती कडी आली, ती फिरवली की पातं अडकतं. तिसरी जपानची हिगोनोकामी, मिकी शहरातली, एका पत्र्याची दुमडलेली मूठ आणि पात्याच्या बुडाला एक छोटी शेपटी, ती शेपटी अंगठ्याने दाबून उघडायचं आणि कापताना अंगठा तिच्यावरच ठेवायचा, म्हणजे पातं मिटत नाही.

आता पायऱ्या.

१. पंजा मोजा

शाळेतली साधी पट्टी घ्या. चार बोटं जुळवून (अंगठा सोडून) ती जिथे तळव्याला जोडलेली असतात तिथली रुंदी मोजा, करंगळीच्या कडेपासून तर्जनीच्या कडेपर्यंत. माझी साडेआठ सेंटीमीटर भरते, आईची साडेसात.

माझा अनुभव असा की चारही बोटांनी मूठ वळून धरायची असेल तर चाकूची बंद लांबी या मापापेक्षा एक-दीड सेंटीमीटर जास्त हवी. बरोबर तेवढीच असेल तर हलकी कामं होतात, पण करंगळी टोकावर येऊन बसते आणि दोन पेरू कापले की तिथे रुतायला लागतं. मापापेक्षा कमी असेल तर तो तीन बोटांचा चाकू, पाकिटं फोडायला आणि धागे कापायला मस्त, पण त्याच्याकडून नारळाच्या शेंड्या सोलायची अपेक्षा ठेवू नका.

स्विस चाकू बंद लांबीवरनं ओळखतात, ५८, ८४, ९१, ९३ आणि १११ मिलिमीटर ही नेहमीची मापं. म्हणजे माझ्या हाताला ८४चा जेमतेम, ९१-९३चा ठीक, आणि १११चा ऐसपैस, पण १११ खिशात जाणवतो, लोकलमध्ये बसलं की मांडीत टोचतो. ओपिनेलमध्ये नंबर असतात आणि तो नंबर साधारण पात्याची लांबी सांगतो: ६ नंबरचं पातं ७ सेंटीमीटर, ८ नंबरचं साडेआठ, १० नंबरचं १०. सगळे डोळे झाकून ८ नंबर घ्या म्हणतात, त्याची मूठ ११ सेंटीमीटरच्या आसपास आहे, मध्यम-मोठ्या हाताला ती छानच बसते, पण पंजा साडेसात-आठचा असेल तर ६ किंवा ७ नंबर हातात घेऊन बघितल्याशिवाय ८ घेऊ नका, कारण मूठ गोल आणि पोटात फुगीर आहे, छोट्या हाताची बोटं पूर्ण वळत नाहीत.

लांबीइतकीच जाडी महत्त्वाची आणि इथेच लोक फसतात. मूठ वळली की बोटांची टोकं तळव्याच्या गादीपर्यंत यायला हवीत, पण तळव्यात खुपता कामा नयेत. फार बारीक मूठ असली की आपण नकळत जास्त दाबून धरतो आणि पाच मिनिटांत मनगटापर्यंत ताण येतो. फार जाड असली (चमचा, कात्री, करवत, स्क्रू ड्रायव्हर सगळं भरलेले चाकू) की पातं हाताच्या मधोमध राहत नाही, एका कडेला जातं, आणि सोलताना चाकू सारखा कलतो. मला विचाराल तर पहिला चाकू एक किंवा दोन पात्यांचाच घ्या.

२. पुठ्ठ्याचा चाकू करून बघा

ऑनलाइन घेणार असाल तर ही पायरी अजिबात सोडू नका. ज्या मॉडेलवर डोळा आहे त्याची बंद लांबी, रुंदी आणि जाडी बघा, पार्सलच्या खोक्याचा पुठ्ठा त्या मापाने कापा, जाडी येईपर्यंत एकावर एक थर चिकटवा, कडा थोड्या गोल करा, वरून चिकटपट्टी गुंडाळा. मग तो हातात घेऊन खरंच काकडी सोलल्यासारखं करा, आणि दोन दिवस खिशात ठेवून ऑफिसला जा. दादरला जिना चढताना, बाईकवर बसताना, रिक्षात आत सरकताना तो कुठे टोचतो ते कळतं. माझ्या एका मित्राने १० नंबरचा ओपिनेल नक्की केला होता, पुठ्ठ्याचा दीड दिवस वागवला आणि ७ नंबर घेतला.

३. कसा धरणार ते ठरवा

चाकू एकाच पद्धतीने धरला जात नाही, आणि प्रत्येक पकडीत मूठ वेगळ्या ठिकाणी लागते. फळ सोलताना चाकू चार बोटांत आडवा, धार आपल्याकडे आणि अंगठा फळावर टेकलेला असतो, तेव्हा मुठीची पोटाकडची बाजू बोटांच्या पेरांवर येते. तिथे धातूची कडा धारदार असेल तर लगेच रेघ उमटते. बारीक कामाला, समजा पेन्सिलला टोक काढताय किंवा आंब्याच्या फोडीवर चौकटी मारताय, तेव्हा तर्जनी पात्याच्या पाठीवर जाते, म्हणून पात्याची पाठ बोटाने चोळून बघा, करकरीत असेल तर बोचणार. आणि दोरी किंवा काठी तासायला पूर्ण मूठ वळते, तेव्हा तळव्याच्या मधोमध काय येतंय ते बघायचं. स्विस चाकूच्या काही मॉडेलना पाठीवर कॉर्कस्क्रू (बाटलीचं बूच काढायचा स्क्रू) असतो, तो काही जणांना नेमका तिथेच रुततो.

तुमचं सत्तर टक्के काम ज्या पकडीत होणार त्या पकडीत बरा वाटेल तो चाकू घ्या. बाकीच्या पकडींत थोडं मागेपुढे चालतं.

मुंबईच्या घामाचा विचार वेगळा करा. गुळगुळीत प्लॅस्टिक आणि पॉलिश केलेला धातू मे महिन्यात हातातून सटकतो, हे मी राजमाचीच्या वाटेवर बघितलंय, नशिबाने चाकू खाली पडला, पायावर नाही. साधं लाकूड, किंवा खवले उठवलेली ॲल्युमिनियमची मूठ ओल्या हातात जास्त भरवशाची.

४. उघडून-मिटून बघा, दहा वेळा

आईचा किस्सा इथलाच. चाकू डाव्या हातात धरा, उजव्या अंगठ्याचं नख खाचेत घाला आणि ओढा. एकदा उघडला म्हणजे झालं असं नाही, दहा वेळा उघडा-मिटा. दहाव्या वेळी नख दुखत असेल तर तो चाकू तुम्ही वापरणार नाही, ड्रॉवरमध्ये राहील. नखं बारीक कापायची सवय असेल, अंगठा अधू असेल, वय झालं असेल तर हलकी स्प्रिंग किंवा नखाची गरजच नसलेला चाकू बघा. शेपटीवाला हिगोनोकामी इथे कामाला येतो, शेपटी दाबली की पातं वर येतं आणि मग ते चिमटीत धरता येतं.

डावखुऱ्यांनी एक गोष्ट मुद्दाम तपासा. बहुतेक चाकूंना खाच पात्याच्या एकाच बाजूला असते आणि ती उजव्या हाताने उघडणाऱ्यांच्या सोयीची असते. म्हणजे तुम्हाला तो उलटा धरून उघडावा लागणार आणि मग हात बदलावा लागणार. काही जण सवयीने जमवतात, पण पहिलाच चाकू असेल तर दोन्ही बाजूंना खाच असलेला किंवा शेपटीवाला शोधा, कारण शेपटीला डावं-उजवं नसतं.

मिटताना बोटं मुठीच्या दोन्ही अंगांवर ठेवा, पात्याच्या वाटेत एकही बोट नको, आणि दुसऱ्या हाताच्या तळव्याने पात्याची पाठ ढकला. स्प्रिंगचा चाकू शेवटच्या टप्प्यात आपणहून जोरात आत जातो, नवीन माणसाचं बोट कापतं ते बहुतेक वेळा इथेच. आणि लॉक नाही म्हटल्यावर टोकाने भोसकणं, टोक घालून डबा उचकटणं, पात्याच्या पाठीवर काही ठोकणं, यातलं काहीच करायचं नाही, पातं बोटांवर मिटतं.

५. दुकानात काय बघायचं

क्रॉफर्ड मार्केट, नागदेवी स्ट्रीट या पट्ट्यात हत्यारांची आणि हार्डवेअरची दुकानं आहेत, तिथे हातात घेऊन बघता येतं, आणि माझं मत असं की थोडे पैसे जास्त गेले तरी पहिला चाकू हातात धरूनच घ्यावा. दुकानदाराला घाई असते, तुम्ही करू नका.

पातं उघडून टोक चिमटीत धरा आणि डावी-उजवीकडे हलवा. पातं ज्यावर फिरतं त्या खिळ्याशी खटखट वाटली तर ठेवून द्या. बंद केल्यावर पातं मुठीच्या मधोमध हवं, एका कडेला घासत असेल तर काही महिन्यांत पात्यावर चरे येतात. चाकू उजेडासमोर धरा, पाठीच्या पट्टीच्या आणि मुठीच्या मधून उजेड दिसला तर जोडकाम ढिलं आहे, तिथे पाणी आणि फळाचा रस जाऊन बसणार. बंद असताना टोक मुठीत पूर्ण लपलंय का त्यावरून अंगठा हळूच फिरवून बघा, टोक वर राहिलेला चाकू खिसा फाडतो. उघडताना आणि मिटताना एक स्पष्ट "कट्" ऐकू आला की स्प्रिंग जिवंत आहे. मग डोळे मिटा, चाकू हातात फिरवा आणि नुसत्या स्पर्शाने धार कुठल्या बाजूला ते सांगा (उघडलेला नाही, बंद). चांगल्या मुठीचा आकार ते आपोआप सांगतो, पूर्ण गोल मूठ सांगत नाही.

चोर बाजारात कधीतरी इंग्लंडच्या शेफील्डचा शिक्का असलेले जुने चाकू मिळतात आणि मोह होतो, मलाही होतो. तिथे पातं धार लावून लावून किती झिजलंय ते आधी बघा, मुठीच्या मानाने पातं अरुंद झालेलं आणि टोक वर आलेलं असेल तर त्याचं आयुष्य संपत आलंय. पहिल्या चाकूसाठी जुना नको.

६. स्टील आणि आपली हवा

इथे दोनच पर्याय लक्षात ठेवा, कार्बन स्टील आणि स्टेनलेस. कार्बनला धार पटकन लागते, पण ते गंजतं. ज्यांच्या घरात लोखंडी विळी होती त्यांना हे सांगायलाच नको, कैरी चिरली की पातं काळं पडतं, लगेच धुऊन पुसलं नाही की दुसऱ्या दिवशी लाल डाग. कार्बनचा चाकू म्हणजे तीच विळी खिशात. काळा-निळा थर आला तर घाबरू नका, तो धरला की उलट गंज जरा कमी लागतो, लाल दिसला की मात्र घासून काढायचा. मुंबईत जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की बंद चाकू बॅगेत नुसता ठेवला तरी गंजतो. म्हणून पहिला चाकू स्टेनलेस घ्या असंच मी सगळ्यांना सांगतो. दुसरा हवा तर कार्बन घ्या, तोपर्यंत पुसायची सवय लागलेली असेल.

लाकडी मुठीचं आणखी एक, पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि ओपिनेलचं पातं आत असं रुतून बसतं की नखाने निघत नाही. जोर लावू नका. कडी मोकळी करा आणि मुठीचं मागचं टोक टेबलाच्या कडेवर हलकेच ठोका, पातं थोडं वर येतं, मग ओढा. साव्हॉयकडे लोक हेच करतात. कायमचा उपाय म्हणजे धुतल्यावर चाकू उघडाच पंख्याखाली वाळवायचा, आणि लाकडाला वर्षातून एक-दोनदा जवसाच्या तेलाचा हात. खिळ्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब, जास्तीचं पुसून घ्या. खोबरेल नको, ते काही दिवसांनी चिकट होतं.

धारेसाठी सायकलवर चाक फिरवत येणाऱ्या धारवाल्याकडे घरच्या सुऱ्या द्या, हा चाकू देऊ नका. चाकाच्या वेगाने पातळ पातं तापतं, स्टीलचं पाणी उतरतं आणि मग धार टिकतच नाही. साधा धारेचा दगड घ्या, पातं दीड सेंटीमीटर रुंद असेल तर पाठ दगडापासून साधारण ५ मिलिमीटर उचला, म्हणजे वीसेक अंशांचा कोन येतो, आणि दोन्ही बाजूंनी सारखे हात मारा. प्रवासात चहाच्या चिनीमातीच्या कपाचं बूड उलटं केलं की खालची खरखरीत कड असते, तिच्यावरही काम भागतं.

७. कायदा, थोडक्यात पण नक्की वाचा

शस्त्रांच्या नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्रात धरलेत, घरकामाचे आणि शेतीचे वगळून. आपला चाकू ३-४ इंचांचा, त्यामुळे घरी ठेवायला अडचण नाही. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली पोलीस आयुक्त मनाईचे आदेश काढू शकतात आणि त्या काळात सुरे-चाकू घेऊन फिरायला बंदी येऊ शकते, मुंबईत असे आदेश नवीन नाहीत. म्हणून सभा, मिरवणूक, मॅच, गर्दीचं देऊळ, कोर्ट अशा ठिकाणी चाकू घरीच ठेवा. विमानात केबिन बॅगेत चालत नाही, चेक-इन बॅगेत टाका. एरवी नेताना तो खिशापेक्षा डब्याच्या पिशवीत फळांबरोबर ठेवलेला बरा.

८. घेतल्यावर पहिला महिना

चाकू घरी आला की काम संपलं असं समजू नका. महिनाभर रोज वापरा आणि हाताला कुठे लाल होतंय ते बघत जा. तिथे पेनाने खूण करा. लाकडी मूठ असेल तर पातं मिटवून, फटीवर चिकटपट्टी लावून, तेवढ्याच जागेवर आधी २२० आणि मग ४०० नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवा, थोडं घासा, धरून बघा, परत थोडं घासा, आणि शेवटी तेल. एकदा गेलेलं लाकूड परत येत नाही म्हणून एका दिवसात सगळं करू नका.

आईसाठी शेवटी ६ नंबरचा स्टेनलेस ओपिनेल आला. पातं फटीत थोडं घट्ट होतं, ते महिनाभर उघडून-मिटून सैल केलं. तिचा अंगठा जिथे टेकतो तिथे मी नखाएवढा खोलगट भाग घासून दिला, आणि करंगळीकडची कडा गोल केली. आता गाडी ठाण्याच्या पुढे गेली की ती तो पिशवीतनं काढते, रुमाल मांडीवर पसरते, पेरूचे चार तुकडे करते, तिखटमिठाची पुडी उघडते, आणि समोरच्या बाकावरच्या बाईंना एक फोड देते.